सोळा हजारांचं एस्टिमेट आणि आंब्याखालची वॅगन-आर

पत्र: मी साताऱ्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा घरापासून सात किलोमीटरवर, यवतेश्वरचा घाट चढून. एप्रिलमध्ये आमच्या मुख्याध्यापकांच्या वडिलांची वॅगन-आर घेतली. पेट्रोल, २०१४ची, ५८,००० किलोमीटर झालेली. त्या आजोबांनी शेवटची सर्व्हिसिंग कधी केली ते त्यांनाही आठवत नाही. माझं वर्षाचं चालणं चार-साडेचार हजार किलोमीटर. वर्कशॉपमध्ये नेली तर त्यांनी १६,६७० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं (सोबत फोटो पाठवत आहे). दीर म्हणतात, ‘चालतेय ना? मग कशाला हात लावायचा?’ माझ्या तक्रारी दोनच. पावसाळी सकाळी गाडी सुरू केली की मिनिटभर चिर्र आवाज येतो. आणि आत कुबट वास येतो, त्यासाठी त्यांनी एसीचं काहीतरी औषध मारायला सांगितलंय. यातलं काय करू, काय सोडू? कंपनीच्या वर्कशॉपात जाऊ की गल्लीतल्या मेस्त्रीकडे? गाडी दारातल्या आंब्याखाली उभी असते.

उत्तर:

ताई, नमस्कार.

एस्टिमेटचा फोटो मोठा करून दोनदा वाचला. त्यात दोन कागद एकात मिसळलेत. ऑइल १,६५०, ऑइल फिल्टर ११०, एअर फिल्टर २९०, तीन प्लग ३९०, कूलंट ८५०, ब्रेक ऑइल ४८०, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९०० आणि मजुरी १,८५०. हे झाले ६,५२० रुपये, आणि यातला रुपयाही मी कापणार नाही. उरलेल्या १०,१५० मध्ये इंजिन फ्लश (आतला गाळ धुवायचं औषध), इंजेक्टर क्लीनिंग (पेट्रोल फवारणारी तोंडं साफ करणं), डीकार्ब (इंजिनातली काजळी काढणं), एसीचं औषध, खालचं अँटी-रस्ट कोटिंग आणि पॉलिश. त्यातलं आज तुम्हाला काहीच लागत नाही. एकदोन गोष्टींनी तर नुकसानही होऊ शकतं, ते पुढे सांगतो.

गंमत अशी की एवढ्या लांबलचक यादीत मागचे ब्रेक उघडून बघायचा उल्लेख नाही. टायर किती जुने, ते कुणी पाहिलेलं नाही. आणि तुम्ही तोंडाने सांगितलेला तो चिर्र आवाज कागदावर उतरलेलाच नाही.

दिरांचं म्हणणं आधी घेऊ, कारण घरोघरी हेच ऐकू येतं. कमी चालणारी गाडी कमी झिजते हे अर्धंच खरं. मारुतीचा नियम दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. तुमचं वर्षच आधी होणार, दरवेळी. सात किलोमीटरच्या फेरीत इंजिन धड तापत नाही. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते, ती थंड इंजिनात आतच थंडावते आणि ऑइलमध्ये उतरते. थोडं पेट्रोलही न जळता खाली जातं. लांब पल्ल्याच्या गाडीत हे सगळं उष्णतेनं उडून जातं, तुमच्या गाडीत साचतं. बॅटरीचंही तसंच आहे. स्टार्टरनं एका झटक्यात जे घेतलं ते चौदा-पंधरा मिनिटांत, त्यातही एसी आणि वायपर चालू असताना, पुरतं भरून निघत नाही. म्हणून तुमच्या गाडीची सर्व्हिस तारखेनं करायची, किलोमीटरनं नाही. आणि दर दुसऱ्या रविवारी वाईपर्यंत तरी एक सलग फेरी मारा. मेणवलीच्या घाटावर बसून परत या, इंजिनालाही बरं वाटेल.

आता तुमच्या गाडीची खरी अडचण. तिचा इतिहास कुणालाच ठाऊक नाही. आजोबांना आठवत नसेल तर एक काम करा, गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात विचारा. तिथे कधी काम झालं असेल तर तारीख आणि किलोमीटर संगणकात सापडतात, आणि मीटरचा आकडा खरा आहे का हेही सहज कळून जातं. काही सापडलं नाही तर सरळ धरून चालायचं की गाडीत आहे ते प्रत्येक द्रव जुनं आहे. एकदाच सगळं बदलायचं, आणि त्या दिवशीपासून वही सुरू करायची. तारीख, मीटर, काय बदललं, किती पैसे. तुम्ही वर्षानुवर्षं हजेरीपट भरताय, तुम्हाला हे शिकवायला नको.

तुमच्या गाडीत के-१० इंजिन आहे, तीन सिलिंडरचं, ९९८ सीसी. या इंजिनाला टायमिंग चेन आहे. जुन्या ८०० सीसी अल्टोला किंवा जुन्या सँट्रोला टायमिंग बेल्ट असतो, तो ठरावीक अंतरावर बदलावाच लागतो, नाहीतर एक दिवस तुटतो आणि गाडी जागच्या जागी बसते. कुणी मेस्त्री तुम्हाला ‘टायमिंग बेल्ट बदलायला झालाय’ म्हणाला तर तिथून उठून यायचं. मात्र चेन आयुष्यभर टिकते ती स्वच्छ ऑइलवर. ऑइलकडे दुर्लक्ष झालं की आधी ताण देणारा टेन्शनर आणि मग चेन ढिली पडते, सकाळी सुरू करताना खडखड ऐकू येते. तुम्हाला चिर्र ऐकू येतंय, खडखड नाही. म्हणजे तिकडे सध्या ठीक दिसतंय.

ऑइल ५डब्ल्यू-३० ग्रेडचं घ्या. या इंजिनात तीन लिटरच्या आतबाहेर ऑइल बसतं. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. यात संकोच करायचा नाही, चांगला मेस्त्री उलट स्वतःहून दाखवतो. फ्लशला नको का म्हटलं ते आता सांगतो. ज्या इंजिनात आधी काय भरलं होतं ते माहीत नाही, त्याच्या तळाशी गाळ असू शकतो. फ्लशच्या औषधानं तो एकदम सुटतो आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीत जाऊन अडकतो. त्यापेक्षा साधा, जुना उपाय बरा. आज ऑइल आणि फिल्टर बदला, पुढचा बदल वर्षानं न करता सहाच महिन्यांनी करा. दोन ताजी ऑइलं मिळून गाळ हळूहळू बाहेर काढतील. साडेसहाशेचा फ्लश वाचला, त्यात पुढच्या ऑइलचे थोडे पैसे निघाले.

डिपस्टिक बघायची सवय लावून घ्या, महिन्यातून एकदा. सकाळी, गाडी सपाटीवर आणि थंड असताना. बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या कडेला छोटी कडी दिसेल, ती ओढून काडी बाहेर काढा, जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. टोकाकडच्या दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं की झालं. ते काळं दिसतंय म्हणून घाबरू नका, काजळी पोटात घेणं हेच त्याचं काम. भीती दुधाळ रंगाची. काडीवर चहात साय कालवल्यासारखं काही दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये शिरतंय, गाडी सुरू न करता मेस्त्रीला बोलवा. पण फक्त ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर साय दिसली आणि काडी स्वच्छ असली, तर ती तुमच्या सात किलोमीटरांची वाफ आहे. पुसून टाका आणि वाईला जाऊन या.

कूलंटच्या बाबतीत माझा स्वतःचा हात पोळलाय, अगदी अक्षरशः. माझ्याकडे पूर्वी एक छोटी हॅचबॅक होती. रिझर्व्ह बाटलीतली पातळी उतरली की मी घरच्या बोअरचं पाणी टाकायचो. पाणी ते पाणीच, असा हिशेब. दोन वर्षं काही झालं नाही. मग मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकीच्या घाटात, ट्रकमागे दुसऱ्या गिअरवर चढताना, काटा लालमध्ये गेला. बाजूला घेतली आणि अतिशहाणपणानं रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफेचा फवारा थेट मनगटावर. मेस्त्रीनं नंतर रेडिएटर उघडून दाखवला. आतल्या बारीक नळ्यांत पांढरे थर, बंबाच्या तळाशी धरतात तसे. बोअरच्या जड पाण्याचा क्षार तो. तेव्हा रिझर्व्ह बाटलीत कूलंट आणि शुद्ध केलेलं, म्हणजे डिस्टिल्ड पाणी, नाहीतर तयार मिसळलेलं कूलंट. आणि गरम इंजिनावर ते झाकण कुणालाही उघडू देऊ नका, पेट्रोल पंपावरच्या मदतीला धावून येणाऱ्या माणसाला तर अजिबात नाही.

ब्रेक ऑइलचे ४८० रुपये या यादीतला सगळ्यात सत्कारणी लागणारा खर्च, कारण तुम्ही रोज घाट उतरता. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. दोनेक वर्षांत त्यात इतकं पाणी मुरतं की त्याचा उकळबिंदू खाली येतो. उतारावर सारखा ब्रेक दाबून चाकाजवळ उष्णता वाढली की ते उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल स्पंजासारखं लागतं आणि एखाद्या वळणावर थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदला, झाकणावर लिहिलेल्या डॉट ग्रेडचंच. आणि उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारी मंडळी आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांच्यात जाऊ नका. इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की पेट्रोलचा पुरवठा तसाही बंद होतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं.

याच कामात यादीबाहेरची एक गोष्ट जोडून घ्या. चारही चाकं उतरवून ब्रेक सर्व्हिस. पुढे डिस्क आहेत, तिथे पॅड किती उरलेत ते डोळ्यांनी दिसतं. मागे ड्रम आहेत. ते उघडल्याशिवाय आतला भुसा दिसत नाही, लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, किती राहिलाय ते कळत नाही, आणि चाकातला ब्रेक ऑइलचा छोटा सिलिंडर झिरपत असला तरी बाहेर पत्ता लागत नाही. हँडब्रेक वरपर्यंत ओढावा लागत असेल तर त्याचंही मूळ बहुधा तिथेच. ड्रम उघडला की तिथे उभं राहून बघा.

चिर्र आवाज. इंजिनाच्या बाजूला एक रबरी पट्टा फिरतो, आपल्याकडे अजूनही त्याला फॅन बेल्टच म्हणतात. पंखा कधीच विजेवर गेला, नाव तेवढं राहिलं. तो पट्टा डायनामो फिरवतो आणि इंजिनाला गार ठेवणारा वॉटर पंपही. रबर जुनं होऊन गुळगुळीत झालं, किंवा ताण कमी झाला, की ओलसर सकाळी तो घसरतो आणि किंचाळतो. मिनिटभरात सुकतो, गप्प होतो. म्हणून वर्कशॉपात पोचेपर्यंत आवाज नसतो आणि कुणी लिहून घेत नाही. पट्टा उलटा वळवून बघायला सांगा. आतल्या बाजूला आडव्या चिरा असतील तर बदला, फार खर्चाचं काम नाही. एसी लावल्यावर आवाज वाढत असेल तर एसीचा पट्टाही तपासा. साबण घासणं, पावडर टाकणं असले इलाज करू देऊ नका.

रबराचा विषय निघालाय तर पेट्रोलच्या नळ्याही वाकवून बघायला सांगा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्या हिशेबाचं साहित्य वापरून गाड्या बनू लागल्या त्या २०२३ पासून. तुमची २०१४ची आहे. घाबरण्याचं कारण नाही, पण टाकीपासून इंजिनापर्यंतची रबरी जोडणी कडक झालीय का, कुठे पाझर आहे का, हे वर्षातून एकदा बघणं रास्त आहे. गाडीजवळ पेट्रोलचा वास येऊ लागला तर वर्ष संपायची वाट बघायची नाही.

आता कुबट वास. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की गाडी दारातल्या आंब्याखाली उभी असते. मला वाटतं उत्तर तिथेच आहे. औषध मारायच्या आधी पुढच्या डाव्या सीटसमोरचं मॅट उचला, खालच्या गालिच्यावर तळहात दाबा. ओल लागली तर औषधानं वास चार दिवस दबेल आणि पुन्हा येईल. ओल दोन वाटांनी येते. समोरची काच जिथे बॉनेटला भेटते तिथे वायपरखाली काळी जाळी आहे. तिच्यात आंब्याची पानं, मोहर आणि काड्या जाऊन पाणी निघायची वाट बुजवतात. मग पाऊस पडला की पाणी साचतं आणि हवेच्या वाटेनं आत उतरतं. दुसरी वाट एसीची. एसीत तयार होणारं पाणी एका बारीक नळीनं गाडीखाली ठिबकतं, ती नळी तुंबली की तेच पाणी पायाशी येतं. फरक ओळखायला सोपं आहे. पावसानंतर ओल आली तर पानं, कोरड्या दिवशी एसी लावून फिरल्यावर आली तर नळी. पानं तुम्ही स्वतः काढू शकता, नळी मेस्त्री हवा मारून दहा मिनिटांत मोकळी करेल. मग गालिचा उचलून कडक उन्हात वाळवा. आणि शक्य असेल तर गाडी आंब्याखालून हलवा. झाडावरून गळणारा साखरपाण्यासारखा चिकटा रंगालाही चांगला नाही.

अँटी-रस्ट कोटिंग. नव्या गाडीला, कोकणात खाऱ्या हवेत राहणाऱ्याला, ते करण्यात अर्थ आहे. तुमच्या गाडीच्या तळाला इतक्या वर्षांत जिथे जिथे गंज धरला असेल, त्याच्यावरच हे डांबरी लेप मारले तर ओल आत कोंडते आणि गंज झाकणाखाली सुखानं वाढतो. आधी गाडी लिफ्टवर घेऊन तळ पाहा. गंज असेल तर घासून, प्राइमर मारून मग बोला. नसेल तर पावसाळा संपल्यावर खालून पाण्याचा जोरदार फवारा मारून चिखल काढणं पुरे. तळाची काळजी घ्याच मात्र. २०१४च्या गाडीची नोंदणी २०२९ ला संपेल, मग आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. तिथे पॉलिश बघत नाहीत.

डीकार्ब आणि इंजेक्टर क्लीनिंगला एकच कसोटी. गाडी सुरू व्हायला वेळ लागतो का, उभी असताना थरथरते का, ॲव्हरेज एकदम पडलंय का? तिन्हीला ‘नाही’ असेल तर पैसे खिशात. पॉलिश हौस आहे, दिवाळीला वाटलं तर करा.

टायर. प्रत्येक टायरच्या कडेवर लांबलचक कोडाच्या शेवटी चार आकडे असतात. २४१८ असतील तर २०१८ च्या चोविसाव्या आठवड्यात बनलेला. खोबणी चांगली दिसत असली तरी इतकं जुनं रबर कडक होतं आणि ओल्या घाटात धरत नाही. बाजूच्या भिंतीवर बारीक तडे दिसतात का तेही बघा. खोबणीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर. खोबणीत मधेमधे छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. हवा किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. ती भरायची सकाळी, टायर थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा. नायट्रोजनवाला बोलवेल, जाऊ नका, साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो. अलाइनमेंटचे ९०० नवे टायर घ्यायचे ठरले तर तेव्हाच खर्च करा, दोनदा कशाला?

मेस्त्री की वर्कशॉप? गाडीची वॉरंटी केव्हाच संपलीय, त्यामुळे कुठेही नेलीत तरी काही बिघडत नाही. माझा कल असा. पहिली, सगळे द्रव बदलायची सर्व्हिस वर्कशॉपात, म्हणजे संगणकात नोंद सुरू होते. ब्रेक, पट्टा, सस्पेन्शनची कटकट, क्लच ही हाताची कामं ओळखीच्या मेस्त्रीकडे. फिल्टर, प्लग आणि पॅड मारुतीच्या पार्टच्या काउंटरवरून स्वतः आणून त्याच्या हातात द्या, आणि काढलेले जुने पार्ट डिकीत टाकायला सांगा. पार्ट परत मागितल्यावर जो मेस्त्री चिडतो तो बदलायचा. वर्कशॉपात फोन करताना एवढंच म्हणा, ‘जॉब कार्डवर फक्त मी वाचून दाखवते ती कामं घ्या, वाढीव काही निघालं तर आधी फोन, मग काम.’

कागदांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक विचारतो. विमा तुमच्या नावावर झाला का? आरसी नावावर करून विमा आजोबांच्याच नावावर ठेवणारे खूप आहेत, आणि गाडी ठोकली की दुरुस्तीचा दावा अडकतो. मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. आजोबांचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्यांच्याबरोबर जातो, तेव्हा थोडा फरक भरावा लागेल. आरसीवर गाडीच्या धुराचा दर्जा लिहिलेला असतो, तो बीएस-४ असेल तर पीयूसी वर्षाची, बीएस-३ असेल तर सहाच महिन्यांची. तीही बघून घ्या.

टायरवरचे ते चार-चार आकडे, चारही चाकांचे आणि स्टेपनीचेही, मला कळवा. आणि मॅटखाली ओल सापडली का तेही.